वडाळ्याचे साहेब आणि आमचे बारकू आजोबा

औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचे, पण पन्नास वर्षांची सवय लगेच जात नाही) एस.टी.ने नगरकडे निघालात की वाळूज, कायगाव टोका, प्रवरासंगम, नेवासा फाटा आणि मग वडाळा बहिरोबा लागते. बहुतेक प्रवासी तिथे डुलक्या घेत असतात. माझे आजोबा मात्र वडाळा आले की डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि गाव मागे पडले की पुन्हा घालायचे. मी तेव्हा आठ-दहा वर्षांचा असेन. "आजोबा, इथे देऊळ आहे का?" असे एकदा विचारले तर म्हणाले, "न्हाई रे, उकडतंय." थंडीचे दिवस होते.

या टोपीचा उलगडा व्हायला फार वर्षे गेली. तो सांगायचा तर आधी दुसऱ्याच एका घराण्याची हकिकत सांगावी लागेल, तीही अमेरिकन. वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींनी थोडा धीर धरावा.

हे घराणे फेअरबँकांचे. अमेरिकेतले बहुतेक फेअरबँक आपले मूळ जोनाथन फेअरबँक नावाच्या माणसापाशी नेतात. हा गृहस्थ १६३३ च्या सुमारास इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधून बायकापोरे घेऊन अमेरिकेला गेला. तिथे डेडहॅम गावी त्याने शेती केली आणि लाकडी घर बांधले. ते घर अजून उभे आहे. उत्तर अमेरिकेतले लाकडी सांगाड्याचे सर्वांत जुने घर म्हणून लोक ते बघायला जातात. आपल्याकडे शहाजीराजे निजामशाही वाचवायची धडपड करत होते, त्याच काळातले हे घर! या घराण्याची वंशावळ १८९७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. भलेमोठे पुस्तक आहे ते. कोण कुठे जन्मला, कोणाशी लग्न झाले, मुले किती, त्यातली जगली किती, सगळे त्यात आहे. माझ्या नातवाने ते मला कॉम्प्युटरवर उघडून दिले. माझे इंग्रजी बेताचेच, शेजारी शब्दकोश ठेवून वाचत होतो. पण नावे आणि साली वाचायला इंग्रजी किती लागते?

आपल्या कामाचे फेअरबँक म्हणजे सॅम्युएल बेकन फेअरबँक. जन्म १८२२, कनेक्टिकट प्रांतातला. इलिनॉय कॉलेजात आणि मग अँडोव्हरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकून १८४६ साली ते नव्या नवरीला, ॲबीला घेऊन मुंबईत उतरले. ज्या अमेरिकन मराठी मिशनने त्यांना पाठवले, त्याची मुंबईतली सुरुवात १८१३ ची आणि नगरमधली १८३१ ची. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात नगरच्या मिस फरार येतात ना, त्या याच मिशनच्या. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरहून निघाले तेही यांचेच. फेअरबँक काही वर्षे मुंबईला मिशनचा छापखानाही बघत होते. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी याच छापखान्यात कामाला लागले होते. म्हणजे आपली कितीतरी संस्कृत-मराठी पुस्तके ज्या सुबक टाइपात छापली गेली, त्याची पहिली अक्षरे जावजींनी गिरवली ती पाद्र्यांच्या छापखान्यात. असो. विषय भरकटतो आहे.

ॲबी १८५२ साली वारली. १८५६ मध्ये फेअरबँकांनी दुसरे लग्न केले ते मेरी बॅलंटाइनशी. तिचे वडील हेन्री बॅलंटाइन म्हणजे नगरच्या मिशनमधले जुने पाद्री आणि 'ज्ञानोदय'चे पहिले संपादक. पुढे फेअरबँकांची मुलगी केटी दिली रॉबर्ट ॲलन ह्यूम यांना. हे ह्यूम जन्माने मुंबईचे, १८४७ चे, त्यांचे वडीलही याच मिशनमधले. मेरीचे भाऊ डॉ. बॅलंटाइन राहुरीला. म्हणजे बघा, आपल्याकडे पंचक्रोशीत जशा सोयरिकी होतात तशाच यांच्याही झाल्या, फक्त यांची पंचक्रोशी नगर, राहुरी, वडाळा आणि बॉस्टन अशी होती! आजेसासरा कोण, मामेभाऊ कोण हे लावताना मी एका कागदावर आकृती काढली तेव्हा सौ. म्हणाली, "आपल्या घरात कोण कोणाचं हे विचारलं तर सांगता येत नाही आणि हे पाठ करताय."

फेअरबँक १८५७ मध्ये वडाळ्याला आले आणि १८८९ पर्यंत त्यांचे ठाणे तेच होते. बत्तीस वर्षे एका खेड्यात! मी नोकरीत तीन वर्षे एका खेड्यात काढली तर बदलीसाठी किती खेटे घातले ते मला ठाऊक आहे. हा माणूस प्रवचने करी, शाळा चालवी आणि उरलेल्या वेळात पक्षी आणि गोगलगायी बघत हिंडे. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव या भागातल्या पक्ष्यांची यादी त्याने १८७६ मध्ये छापली. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याला शास्त्रज्ञांनी 'फेअरबँकी' असे नाव दिलेले आहे, ते यांच्यावरूनच. मेरी १८७८ साली गेली, साहेब १८९८ साली. हेन्री आणि एडवर्ड हे दोघे मुलगे बापाच्याच कामाला लागले. एडवर्ड वडाळ्याला राहिले. याच घराण्यातल्या डॉ. रोझ पुढे वाईच्या मिशन दवाखान्यात होत्या.

या घराण्याने दिलेली किंमतही मी वाचली. बायका गेल्या, मुले शिक्षणासाठी समुद्रापार पाठवावी लागली. मेरीचे वडील हेन्री बॅलंटाइन १८६५ मध्ये मायदेशी परतताना बोटीवरच वारले. केटीचे सासरे, म्हणजे थोरले ह्यूम, तेही १८५४ मध्ये असेच वाटेत गेले. आणि हेही खरे, की हे लोक आले होते ते आपला धर्म सोडा, आमचा घ्या असे सांगायला. मला ते तेव्हा पटले नसते, आजही पटत नाही. त्यांच्याकडे गेले ते बहुतेक महार-मांग समाजातले लोक. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते आणि मिशनच्या शाळेत पाटी मिळत होती. त्यांनी काय करायला हवे होते हे सांगण्याचा अधिकार ज्यांच्या पूर्वजांच्या हाती विहीर होती त्यांना नाही. म्हणजे मलाही नाही.

आता आमच्या घराकडे येतो.

१८९९ साली पाऊस गेला. विक्रम संवत १९५६, म्हणून छप्पन्नचा दुष्काळ. तीन वर्षांपूर्वीचा १८९६ चा दुष्काळ अजून अंगावरच होता. आमचे पणजोबा तेव्हा नेवासे तालुक्यात कुणबीक करत होते. बैल आधी गेले, मग पणजी गेली. दोन मुलगे, थोरला नऊ वर्षांचा, म्हणजे माझे आजोबा, आणि धाकटा चार-पाच वर्षांचा. धाकट्याचे नाव काही असेल, घरात सगळे त्याला बारकू म्हणत. पणजोबांनी दोघांना वडाळ्याला मिशनच्या आवारात नेऊन बसवले आणि स्वतः खडी फोडायला सरकारी कामावर गेले.

ही हकिकत आजोबांनी कधीच सांगितली नाही. ते १९६८ साली गेले. सांगितली आजीने, १९७२ मध्ये. त्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा, आठवत असेल. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी जनावरांची म्हणून लोक नाके मुरडायचे. आमच्या घरी पहिली पिशवी आली तेव्हा आजी पिशवीत हात घालून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "तवा मका आला व्हता. तुझ्या आज्यानं तवा खाल्ला त्यो पुन्हा जन्मात खाल्ला न्हाई." आमच्या घरात मक्याचे कणीस भाजायचे नाही ही रीत मला माहीत होती. आजोबांना पचत नाही एवढेच कारण आम्हाला सांगितलेले.

हा मका खरोखर आला होता. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेराल्ड' या साप्ताहिकाने लोकांकडून वर्गणी जमवून 'क्विटो' नावाची बोट मका भरून मे १९०० मध्ये मुंबईला पाठवली. इकडे तो वाटण्याची आणि मदतीच्या पैशांची व्यवस्था बघणाऱ्यांत वर सांगितलेले ह्यूम प्रमुख होते. त्याबद्दल सरकारने त्यांना १९०१ साली कैसर-ए-हिंद पदक दिले. ही माहिती मला गेल्या दोन-तीन वर्षांत वाचायला मिळाली. पण आजी निरक्षर होती, तिने बोटीचे नाव ऐकलेले नव्हते, आणि तरी धान्य कोणते हे तिने बरोबर सांगितले होते.

पुढे पाऊस झाला आणि पणजोबा मुलांना न्यायला आले. थोरला धावत गेला. धाकट्याने बापाला ओळखलेच नाही. अंगावर सदरा, डोके भादरलेले, कुणा बाईच्या पदराला धरून उभा. ती त्याला जेवू घालायची. आजीच्या सांगण्याप्रमाणे ती मांगाची होती. पणजोबा बाहेर झाडाखाली दिवसभर बसले. संध्याकाळी थोरल्याचा हात धरून निघाले. थोरल्याने विचारले, बारक्या? पणजोबा म्हणाले, "चाल."

गावात राहणे शक्य नव्हते. पोरगा मिशनात जेवला, बाटला, असे झालेच होते. तिथून ते गोदावरी ओलांडून निजामाच्या हद्दीत, गंगापूरकडे मामाच्या गावी आले. तेव्हा गोदावरी म्हणजे सरहद्द. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे मोगलाई. नदी ओलांडली की माणसाची जुनी ओळख मागे राही. आमचे घराणे 'मूळचे गंगापूरचे' झाले ते असे.

मी हे वडिलांना विचारले तेव्हा ते चिडले. म्हणाले, म्हातारीला भ्रम झालाय. पुन्हा विषय काढायचा नाही. मीही काढला नाही. शिक्षक म्हणून तीसेक वर्षे मुलांना इतिहास शिकवला, शिवकाल शिकवला, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, पण हा विषय वडील असेपर्यंत काढला नाही.

सेवानिवृत्तीनंतर त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यानुपिढ्यांच्या वह्या असतात हे सर्वांना माहीत आहे. गाव आणि आडनाव सांगितले तर गुरुजींनी अर्ध्या तासात आमचे पान काढून दिले. मोडीत होते, त्यांनीच वाचून दाखवले. पणजोबा १९११ साली आले होते. त्यांच्या नावाखाली लिहिले होते: पुत्र एक. आणि पुढे आजोबांचे नाव. मी गुरुजींना पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी पुन्हा वाचले. गावही गंगापूरचेच होते, नेवाशाचे नाही.

फेअरबँकांच्या पुस्तकात तान्हेपणी गेलेल्या मुलांचीही नावे आहेत. आमच्या वहीत जिवंत मुलाचे नाही. मी पणजोबांना दोष देत नाही. त्या वर्षी त्यांच्यापाशी दोन मुलांना पुरेल इतके धान्य होते की नाही ते मला माहीत नाही, आणि ज्याने ते पाहिले नाही त्याने बोलू नये. पण १९११ साली, पोट भरत असताना, गुरुजींनी मुले किती असे विचारले असेल तेव्हा 'एक' म्हणायला त्यांना किती वेळ लागला असेल, हे मनातून जात नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुलाला घेऊन वडाळ्याला उतरलो. चर्चच्या बाजूला फिरलो, मग दफनभूमीत गेलो. आपले आडनाव असलेली तीन थडगी सापडली. पण हे आडनाव त्या भागात मराठ्यांत आहे, महारांत आहे, आणखीही दोन-तीन जातींत आहे, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. एका थडग्यावर जन्माचे साल नव्हते, फक्त मृत्यूचे, १९५९. तिथे गवत काढणाऱ्या एका वयस्क बाईंनी विचारले, "कोण पाहिजे?" मी म्हणालो, "आमचे एक आजोबा इथे असतील." त्या म्हणाल्या, "नाव काय त्यांचं?" मला सांगता येईना. बारकू एवढेच म्हणालो. त्या हसल्या, "बारकू तर घरोघर असतो की दादा." आणि तरी त्यांनी आम्हाला चहा पाजला.

टोपी मी वापरत नाही, त्यामुळे परतताना एस.टी.त काढण्याचा प्रश्न आला नाही. मुलाने सगळे ऐकले होते. तो म्हणाला, "बाबा, हे लिहून ठेवा." म्हणून लिहिले.

आता गंगापूरच्या आणि वैजापूरच्या मंडळींना विनंती. आत्याच्या पेटीत जुनी कागदपत्रे आहेत असे ऐकतो. त्यात नेवाशाकडचे एखादे पत्र, पोस्टकार्ड, काही असेल तर टाकून देऊ नका. आजी म्हणायची की एकदा, फार पूर्वी, एक मास्तरासारखा दिसणारा माणूस दारात आला होता आणि आजोबांशी ओसरीवर तासभर बोलून पाणी न पिता गेला. पाणी त्याने नाकारले की आपण दिले नाही, हे आजीने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. कोणी ऐकले असेल तर मला फोन करा. दुपारी दोन ते चार झोपतो, एरवी केव्हाही.