काळ्या काठाचे पीस

सेब्राइट कोंबडीचे एक पीस हातात घेऊन पाहावे. मध्ये सोनेरी किंवा रुपेरी रंग आणि भोवती लुगड्याच्या काठासारखी काळी किनार, कुठे जाड नाही की कुठे बारीक नाही. मान असो, छाती असो की शेपटी, एकाही पिसाची किनार तुटलेली चालत नाही. कोंबडा भरतो जेमतेम सहाशे ग्रॅम. त्यामुळे मांसाचा हिशेब नाही, अंडीही बेताची. ही जात घडवली गेली ती या पिसासाठीच.

ती घडवणारे सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट हे इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरचे जमीनदार आणि खासदार. सुमारे १८१० पासून या जातीच्या शौकिनांचा लंडनमध्ये क्लबही होता. शौक श्रीमंती खरा, पण त्यामागची नजर पक्की होती. १८०९ साली निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्रवजा पुस्तिकेत सेब्राइट यांनी बजावले की, जवळच्या नात्यातच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली तर जनावरे खुरटतात आणि वीण घटते. कबुतरात हवे ते पीस तीन वर्षांत उतरवता येते, डोके आणि चोच जमायला मात्र सहा वर्षे लागतात, हा त्यांचा दावा डार्विननेही १८५९च्या ग्रंथात नोंदवला.

पण सेब्राइटची सर्वांत मोठी नवलाई कोंबड्यात आहे. एरवी कोंबड्याला मानेवर लांब टोकदार पिसे असतात आणि शेपटीत विळ्यासारखी वळलेली. सेब्राइटच्या कोंबड्याला यातले काहीच नाही. तुरा आणि बांग कोंबड्याची, पिसारा मात्र थेट कोंबडीचा. हे असे का, याचा छडा अमेरिकेत आनुवंशिकीतज्ज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी लावायला घेतला. त्यांनी असे कोंबडे खच्ची केले. जुनी पिसे झडून नवी आली, ती चक्क नेहमीच्या कोंबड्याची! १९१९ साली मॉर्गन यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे उलगडा झाला की, या कोंबड्यांच्या कातडीतच नर संप्रेरकाचे मादी संप्रेरकात रूपांतर होते. शौकिनांनी निव्वळ डोळ्यांना आवडले म्हणून जपलेल्या रूपाने शरीरशास्त्राला एवढा मोठा धागा दिला.

निळ्या अँडलुशियन या कोंबडीच्या जातीची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. निळसर राखाडी रंगाची ही जोडी लावली की निम्मी पिल्ले निळी होत. उरलेल्यांत साधारण अर्धी काळी आणि अर्धी ठिपक्यांची पांढरट. पाळणारे ती नासकी म्हणून काढून टाकत आणि रक्त शुद्ध होण्याची वाट पाहत. विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम लावून दाखवले की, निळा रंग कधीच स्थिर होणार नाही. उलट, ज्यांना बाद ठरवले त्या काळ्या आणि पांढरट पक्ष्यांची जोडी लावली तर सगळी पिल्ले निळी निघतात.

अमेरिकेतल्या पट्टेदार प्लिमथ रॉक जातीने तर कोंबडीपालनाचा धंदाच बदलला. पट्ट्यांचे जनुक लिंगाशी बांधलेले असते. नरात त्याच्या दोन प्रती, मादीत एकच. म्हणून नर फिकट दिसतो. प्रदर्शनात नर-मादी एकाच छटेचे दिसावेत यासाठी शौकीन नरांची आणि माद्यांची पैदास वेगवेगळ्या खुराड्यांत करत. पण हेच जनुक उपयोगी ठरले. पट्टेदार कोंबडीला बिनपट्ट्याचा काळा कोंबडा दाखवला की नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादी पिल्लांच्या येत नाही. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी पिसांच्या रंगावरून पिल्ले पहिल्याच दिवशी निवडण्याची कल्पना मांडली, म्हणजे नको असलेल्या नरांवर दाणा खर्च होऊ नये.

या प्लिमथ रॉकचे पाय पिवळे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, पाळीव कोंबडीत पिवळ्या कातडीचे जनुक तिचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नाही. त्याचे मूळ बहुधा राखी रानकोंबड्यात आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या झाडीत आजही आरवणाऱ्या पक्ष्यात.