खरखरीचं गाव कोणतं?

साल १९८४-८५ असावं. रमजानचा एकोणतिसावा दिवस. औरंगाबादहून मेहकरला परतताना सिंदखेडराजाच्या पुढे रस्त्यातच आम्ही रोजा सोडला. आभाळ ढगांनी भरलेलं, त्यामुळे चाँद दिसण्याची आशा नव्हती. उद्या ईद की आणखी एक रोजा, ते आता रेडिओच सांगणार होता. आणि मामूंच्या अ‍ॅम्बेसिडरमधला रेडिओ तर नुसता खरखरत होता.

बातम्यांची वेळ झाली. मामूंनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. रेडिओतली टकटक एकदम थांबली. लांब वीज चमकली की तेवढी कडकड व्हायची. त्या कडकडीतूनच बातमी आली, चाँद दिसला आहे. अंधारात, एरंडाच्या झाडाशी उभं राहून आम्ही एकमेकांना मुबारकबाद दिली.

ईद झाल्यावर मामू गाडी घेऊन बसस्टँडजवळच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी आधी हत्यार काढलं नाही. रेडिओ लावला आणि ऐकत बसले. इंजिन बंद असतानाही खरखर असेल, तर ती बाहेरची : विजेच्या तारांची नाही तर आभाळाची. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर टकटक वाढली तर स्पार्क प्लगची. शिट्टीसारखा सूर चढत गेला तर डायनामोचा. मग त्यांनी एरियलची वायर रेडिओतून काढली. आवाज गेला, म्हणजे तो एरियलवाटे येत होता. राहिला असता, तर बॅटरीच्या वायरवाटे. आमच्या गाडीत एरियलच्या बुडाशी गंज चढून अर्थ सुटला होता. गंज घासला, प्लगच्या वायरीला रेझिस्टर बसवला. काम झालं.

“डिझेलच्या जीपला ही टकटक नसते,” मिस्त्री म्हणाले. “तिला स्पार्क प्लगच नाही.”

हे साधं वाक्य मला पुढे फार मोठं वाटू लागलं. कारण प्लगची ठिणगी हीच रेडिओची आजी आहे. हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८७ मध्ये रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशाच लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. मोटारीचा प्रत्येक प्लग म्हणजे एक छोटं प्रक्षेपण केंद्रच. म्हणून मोटारीत रेडिओ बसवणं अवघड होतं. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये ‘मोटोरोला’ हा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्यांचीही मोठी झुंज या टकटकीशीच होती.

त्याच सुमारास बेल कंपनीतले तरुण इंजिनिअर कार्ल जान्स्की आमच्या मिस्त्रींसारखेच ऐकत बसले होते. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर का येते, हे शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. फोर्ड मोटारीच्या चाकांवर गोल फिरणारा अँटेना त्यांनी उभारला. खरखरीचे त्यांनी तीन प्रकार वेगळे काढले. पहिली जवळच्या विजांची, दुसरी दूरच्या विजांची. तिसरी होती एक अखंड सुस्कारा. ती इंजिनची नव्हती, आभाळातल्या विजेचीही नव्हती. १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की ती आकाशगंगेतून येते. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीचं गाव शोधताना झाला.

त्या शास्त्राचं एक मोठं केंद्र आपल्या महाराष्ट्रात आहे. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली ‘जीएमआरटी’ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. ही जागा निवडताना तिथे रेडिओचा गोंगाट कमी आहे, हेही पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीजवळ तर फक्त डिझेलच्याच गाड्या नेतात. का, ते आमच्या मिस्त्रींना विचारा.

एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये एफएमची पेटंटं मिळवली. ठिणगी लहरीची उंची बिघडवते. मीडियम वेव्हचा निरोप त्या उंचीतच असतो, म्हणून तो बिघडतो. एफएमचा निरोप लहरीच्या कंपनसंख्येत असतो, म्हणून तो सहसा वाचतो. आपल्याकडे एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं. पण एफएम डोंगराआड थांबतं. मीडियम वेव्ह मात्र रात्री वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जाते. मेहकरात रात्री दूरची केंद्रं लागायची ती त्यामुळेच.

आता मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. मोबाइलवरच्या गाण्यांत खरखर नाही. विजेच्या मोटारींत त्यांच्याच यंत्रणेचा गोंगाट होतो, म्हणून काही कंपन्यांनी मीडियम वेव्हच काढून टाकली आहे. आवाज स्वच्छ झाला, याची मला तक्रार नाही. पण नको तो आवाज कानी आला, की तो नुसता बंद करायची सवय आपल्याला लागली आहे. तो कुठून येतो, हे कोणी विचारत नाही. मिस्त्रींनी विचारलं आणि मामूंचा रेडिओ बोलू लागला. जान्स्कींनी विचारलं आणि आकाशगंगा ऐकू आली.

आणि त्या विचारण्याची पहिली पायरी दोघांचीही एकच होती. आधी आपलं इंजिन बंद करायचं, मग ऐकायचं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)