मुळशीचं पाणी, आंबेमोहर आणि रविवारच्या गाड्या

रविवारी खालच्या खाचरात आवणी चालू होती. ताम्हिणीकडं निघालेल्या गाड्यांची रांग पार आमच्या बांधापर्यंत. एका पोरानं काच खाली करून विचारलं, "काका, हा तलाव नैसर्गिक आहे का?"

नाही बाबा. मुळा-निळेच्या संगमाजवळ टाटा कंपनीनं बांधलेलं धरण आहे हे. मुळा वाहते पूर्वेला, पुण्याकडं. पण धरणाचं पाणी डोंगर फोडून पश्चिमेला कोकणात नेलं, भिऱ्याला त्याची वीज केली आणि ती मुंबईला दिली. पाणी पुढं कुंडलिकेला मिळतं. खाली गेली ती मुळशी पेट्यातली पन्नासएक गावं आणि आंबेमोहराची खाचरं.

गावं मुकाट गेली नाहीत. 1921 च्या रामनवमीला मावळे कामावर जाऊन बसले, काम बंद पाडलं. घोषणा एकच, "जान किंवा जमीन". पुढारी पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. बापटांना 'सेनापती' म्हणायला लागले ते या लढ्यापासून. तीनेक वर्षं लोक तुरुंगात जात राहिले, बायकासुद्धा.

मग हरलो कशानं? सरकार कंपनीच्या बाजूनं होतं, हे तर आहेच. पण बऱ्याच जमिनी कागदावर सावकारांच्या, आणि सावकार राहायला पुण्यात. कंपनीनं मोबदला वाढवला तसे ते गप्प झाले. कसणारा कूळ, त्याच्या हाती काय येणार? राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहावर पुस्तक लिहिलंय, मिळालं तर वाचाच.

आता जमिनी आमच्या नावावर आहेत. सातबाऱ्यावर आमचं नाव, आणि सही पण आम्हीच करतो. गेल्या महिन्यात एक एजंट येऊन गेला. वरच्या टेपावरचं वरकस, तळं दिसतं म्हणून भाव भाताच्या खाचरापेक्षा जास्त! धाकटा भाऊ म्हणतो देऊन टाकू. त्याचंही खोटं नाही. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो, उतारा कमी. म्हणून तर वडगाव मावळच्या केंद्रातून आलेला इंद्रायणी (आंबेमोहर 157 आणि आयआर 8 चा संकर) सगळीकडं पसरला. आमच्याकडं आंबेमोहर आता चारच गुंठे.

पोरगा गाडीतून उतरला, बांधावर बसून सगळं ऐकलं. जाताना गेल्या सालचा पाच किलो तांदूळ घेऊन गेला, भाव न करता. भावाला म्हटलं, यंदाची झोडणी होईपर्यंत तरी थांब. अजून काही बोलला नाही तो.