पनवेलचा पथकर आणि प्रवाशाचें नांव

मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी एके काळीं होडींतून पनवेलच्या बंदरांत उतरे. पुढें खोपोलीपर्यंत सपाट रस्ता आणि मग बोरघाट. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं हा घाट चाकांच्या गाड्यांसाठीं खुला केला आणि त्यावर पथकर बसला. नाकेदार गाड्या मोजी, बैल-घोडीं मोजी, पैसे घेई आणि वाट सोडी. गाडींत कोण बसलें आहे, तो महिन्यांतून कितीदां येतो, हें विचारण्याचें त्याला कारणच नव्हतें. रस्ता झिजे तो चाकांनीं, आणि कर तो चाकांवर.

त्याच पनवेल तालुक्यांत ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. विमान रस्ता झिजवीत नाहीं. परंतु त्याच्या इंधनाचा कर्बवायु हवेंत सांचतो, आणि त्याचा भुर्दंड कोणीं सोसावा हा वाद जगभर चालला आहे. सरळ उपाय म्हणजे इंधनावर कर. देशांतल्या उड्डाणांपुरता तो आहेही. रायगड जिल्ह्यांत त्याचा दर २०२३ सालीं २५ टक्क्यांवरून १८ वर आला. अर्थात् हा कर तिजोरीसाठीं, हवेसाठीं नव्हे!

परदेशीं जाणाऱ्या विमानाची गोष्ट निराळी. १९४४ च्या शिकागो करारानें विमानाच्या टाकींत आलेलें इंधन जकातींतून सुटलें; पुढें देशादेशांतील करारांनीं नव्यानें भरलेल्या इंधनालाही सूट मिळत गेली. तेव्हां सरकारांची नजर प्रवाशाकडे वळली. ब्रिटननें १ नोव्हेंबर १९९४ पासून दर प्रवाशामागें कर बसविला. तोही आरंभीं महसुलासाठींच. पर्यावरणाचें नांव मागाहून जडलें. २००७ सालीं तेथील सरकारनें माणसाऐवजीं सबंध विमानावर कर घेण्याचा, म्हणजे पुन्हां गाडी मोजण्याचा, बेत केला आणि पुढच्याच वर्षीं सोडून दिला. भारतांत १९८९ पासून देशांतर्गत विमानभाड्यावर कर होता. तो जानेवारी २००४ मध्यें उठला. या करांना डोकीं मोजलीं कीं पुरे. नांवाची गरज नव्हती.

२०२० सालीं ब्रिटनमध्यें भरलेल्या नागरिकांच्या हवामान-सभेनें मात्र वेगळी वाट पसंत केली: जो वारंवार आणि दूर उडतो, त्याला चढता कर. सूचना न्यायाची खरी. वर्षांतून एकदां लेकीकडे जाणारी आजी आणि दर आठवड्यास उडणारा धनिक यांना एकच दर कां असावा? पण एखादी खेप ‘चौथी’ ठरवावयाची, तर पहिल्या तीन कोठें तरी लिहिलेल्या हव्यात. आणि त्याही सर्व विमान कंपन्यांच्या मिळून एकाच वहींत. कशासाठीं गेला हें वहींत नसलें, तरी गांव आणि तारीख असते. रुग्णालय, वकील, सोयरीक, सभा, हें सारें त्यावरून ताडतां येतें.

भारतांत करासाठीं अशी वही नाहीं; गुन्हे शोधण्यासाठीं आहे. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनीं परदेशच्या प्रवाशाचें नांव, मार्ग, पैसे भरण्याची रीत, सामान ही माहिती कंपन्यांनीं सीमाशुल्क खात्यास द्यावयाची असते, आणि ती पांच वर्षें राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. त्यावर बंधन घालावयाचें, तर कायदा हवा, योग्य हेतु हवा आणि हेतूच्या मानानें उपाय बेताचा हवा. चढत्या कराची वही येथें कधीं उघडलीच, तर ती कोण वाचूं शकेल आणि वर्ष संपल्यावर ती पुसली जाईल कीं नाहीं, हें तिच्या पहिल्या पानावर लिहिलेलें असलें पाहिजे.