खाटा मोजा, केसपेपर उघडू नका

खासगी नर्सिंग होममधली देखभाल बरी की वाईट, हे सरकार कशावरून ठरवतं, याचा माग काढायचा तर 1949 च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायद्यापासून सुरुवात करावी लागते. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते अशी कुठलीही जागा या कायद्याच्या कक्षेत येते, प्रसूतिगृहंही येतात. कायद्याचा मसुदा काही मुंबईत नव्याने सुचलेला नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटच्या निवड समितीने 1926 साली या विषयाची चौकशी केली होती आणि पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला होता. मुंबईच्या कलमांची शब्दरचना त्याच्याशी जागोजागी जुळते.

नोंदणी कधी नाकारता येते, ते पाचव्या कलमात आहे. नर्सिंग होममध्येच राहणारा पात्र डॉक्टर किंवा पात्र नर्स प्रमुख म्हणून नसेल तर. शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र नर्सेसचं ‘योग्य प्रमाण’ नसेल तर. प्रसूतिगृहात पात्र प्रसाविका नसेल तर. योग्य प्रमाण म्हणजे दहा खाटांमागे किती नर्सेस, हे कलम सांगत नाही. तो तपशील नियमांवर सोडला गेला आणि महाराष्ट्राचे नियम आले 1973 मध्ये. मधली 24 वर्षं ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावायचा.

माझ्या मते सगळ्यांत बोलकं आहे ते नववं कलम. अधिकाऱ्याला नर्सिंग होममध्ये शिरता येईल, जागा तपासता येईल, कायद्याने ठेवायला सांगितलेली रजिस्टरं पाहता येतील. आणि लगेच खाली परंतुक: कुठल्याही रुग्णाचे वैद्यकीय कागद तपासण्याचा अधिकार यातून मिळतो असं समजू नये. त्यामागे रुग्णाची गुप्तता जपण्याचा हेतू असणार, आणि तो हेतू वाईट म्हणता येत नाही. पण परिणाम पाहा. खाटा मोजायच्या, भिंती पाहायच्या, नर्सचं प्रमाणपत्र पाहायचं. मात्र त्या नर्सने रात्री दोन वाजता रक्तदाब खरंच मोजला का, पाठीला जखम झालेल्या म्हाताऱ्याची कूस किती वेळा बदलली, हे ज्या कागदावर असतं तो उघडायचा नाही.

वैद्यकीय देखभालीचे अभ्यासक अव्हेदिस डोनाबेदियन यांनी 1966 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात देखभालीची गुणवत्ता तीन बाजूंनी पाहता येते असं मांडलं: साधनसामग्री, प्रत्यक्ष कृती आणि परिणाम. त्या चौकटीत बसवलं तर 1949 च्या कायद्याने इन्स्पेक्टरला फक्त पहिली बाजू दिली.

तीसुद्धा नीट पाहिली गेली नाही, याला आधार आहे. कायद्याची अंमलबजावणीच होत नाही, अशी तक्रार 1990 च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने देखरेखीसाठी समिती नेमली. त्या कामाचा भाग म्हणून संशोधक सुनील नांदराज यांनी शहराच्या पूर्व भागातल्या एका वॉर्डमधली 24 रुग्णालयं आणि नर्सिंग होम पाहिली. निष्कर्ष ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या जुलै 1994 च्या अंकात आले. 62.5 टक्के ठिकाणं राहत्या इमारतींत होती आणि 12.5 टक्के पत्र्याच्या किंवा अॅस्बेस्टॉसच्या छपराखाली. टक्केवारी उलटी सोडवली की 15 आणि 3 असे आकडे येतात. वाटा इतक्या अरुंद की स्ट्रेचर वळवायला जागा नाही. यातलं बहुतेक सगळं जिना चढताचढता दिसणारं. केसपेपरवरच्या बंदीची ढाल इथे पुढे करता येत नाही. कोणी जिनाच चढलं नव्हतं.

पद्मा भाटे-देवस्थळी, रितू खत्री आणि सुचित्रा वागळे यांचा 2011 चा अभ्यास पाचव्या कलमाशेजारी ठेवून वाचावा. महाराष्ट्रातल्या 261 लहान खासगी रुग्णालयांपैकी 146 ठिकाणी बाळंतपणं होत. त्यांतल्या 137 ठिकाणी पात्र प्रसाविका नव्हती. रक्तपेढी तीन ठिकाणी, रुग्णवाहिका आठ ठिकाणी, आणि तातडीची सेवा देतो असं सांगणारे मात्र बहुतेक सगळे. ज्या कारणासाठी नोंदणी नाकारता आली असती, तेच कारण सहा दशकांनंतर दहापैकी नऊ ठिकाणी हजर होतं.

हा केवळ महाराष्ट्राचा आळस नाही. तमिळनाडूने खासगी दवाखान्यांसाठी 1997 मध्ये कायदा केला, त्याचे नियम 2018 मध्ये आले.

बंद केसपेपरची बाजू उघडली ती वेगळ्या वाटेने. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल प्रतिवादी असलेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, की रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितल्यास वैद्यकीय कागदांच्या प्रती द्याव्याच लागतील, गुप्ततेचं कारण चालणार नाही. हा निवाडा 1996 च्या निवाडेसंग्रहात आहे. इन्स्पेक्टरला जे मिळालं नव्हतं ते मुलाला, सुनेला मिळालं. पण ती प्रत मागितली जाते बहुधा काहीतरी बिघडल्यावर, आणि ती वाचायची कशी हे घरच्यांना कोण सांगणार?

जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्राने नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, तक्रार निवारण कक्ष ठेवायचा, टोल-फ्री क्रमांक द्यायचा. दरपत्रकाचा उपयोग मोठा आहे, बिल हातात पडण्याआधीच माणसाला हिशेब करता येतो. तक्रार कक्षाचा उपयोग मात्र तक्रार करणारा कोणी असेल तरच. अंथरुणाला खिळलेल्या, भेटायला कोणी येत नसलेल्या रुग्णाची देखभाल कशी चालली आहे, हे पाहायला तिथे कोणी यायचंच असेल, तर तो आजही नोंदणी तपासणारा अधिकारीच.