जाळेकेंद्रित युद्धपद्धती
माहितीयुगाला अनुसरून सैन्याच्या आज्ञा व नियंत्रण व्यवस्थेची फेररचना सुचवणारी अमेरिकी संकल्पना. व्हाइस ॲडमिरल आर्थर सेब्रोव्स्की व जॉन गार्स्टका यांनी ती १९९८ मध्ये एका लेखात मांडली. टेहळणीची साधने, सेनाधिकारी व शस्त्रे एकाच जाळ्यात जोडली, की रणांगणाचे समान चित्र सर्वांना दिसते. मग प्रत्येक हुकमाची वाट न पाहता, सेनापतीचा हेतू जाणून तुकड्या परस्पर मेळ साधतात, असा तिचा दावा. मात्र त्याच जाळ्यामुळे वरिष्ठांना तुकडीच्या बारीकसारीक हालचालींत ढवळाढवळ करण्याचीही सोय झाली. या संकल्पनेची कसोटी पाहणाऱ्या २००२ च्या अमेरिकी ‘मिलेनियम चॅलेंज’ युद्धसरावात शत्रुपक्षाचे नेतृत्व करणारे निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी मोटारसायकलस्वार जासूद वापरून इलेक्ट्रॉनिक टेहळणी चुकवली व १६ जहाजे, अर्थात कागदोपत्री, बुडवली. आयोजकांनी ती पुन्हा तरंगवून सराव पुढे नेला.