काठीचा जुना हक्क

ट्रेकिंग पोल ही स्कीचं साहित्य विकणाऱ्यांनी काढलेली अलीकडची टूम, असा समज आहे. आल्प्सचा इतिहास वेगळं सांगतो. झुरिकच्या योझियास सिमलरने 1574 सालच्या ग्रंथात बर्फावरच्या प्रवासाचं साहित्य नोंदवलं, त्यात लोखंडी टोकाची काठी आहे. 8 ऑगस्ट 1786 रोजी बाल्मा आणि पाकार पहिल्यांदा मों ब्लांच्या माथ्यावर पोहोचले ते अशाच लांब काठ्या घेऊन. दोर नव्हता, बर्फकुऱ्हाडही नव्हती. पुढे बर्फात पायऱ्या खोदायची गरज वाढली, काठीला कुऱ्हाडीचं पातं जडलं आणि दांडा आखूड होत गेला. काठी मागे पडली ती गिर्यारोहक उभ्या बर्फाला भिडू लागले म्हणून, निरुपयोगी ठरली म्हणून नव्हे. कोणी म्हणेल, दोन काठ्यांची जोडी आणि मनगटाचा पट्टा तर स्कीकडूनच आला. कबूल, पण उतारावर गुडघ्यांचा भार हातांवर घेणं, हे काम मेंढपाळाच्या काठीचंच.

कॅमेऱ्याशी तिची गाठ उशिरा पडली, आणि त्याचं कारण काठीत नव्हे, काचेत आहे. 1861 मध्ये छायाचित्रकार ऑग्युस्त बिसाँ 25 हमालांसह मों ब्लांवर गेला. ओल्या कोलोडियनची काच जागेवरच लेपायची, वाळण्याआधी फोटो घेऊन धुवायची, असा तो खटाटोप. अशा काचेला प्रकाश सहसा काही सेकंद लागे. काठीवर कॅमेरा बसवला की ती मोनोपॉड होते; तिचा एकच पाय कॅमेऱ्याचं वजन पेलतो, वरखाली हलणं आवरतो. बाजूला झुकणं मात्र थांबवत नाही. म्हणून जलद फिल्म येईपर्यंत मोनोपॉडला फारसा अर्थच नव्हता. आजही मुठीवरचा स्क्रू उघडून काही पोलवर कॅमेरा बसवता येतो, पण पहाटेच्या अंधुक उजेडात सेकंदभर शटर उघडं ठेवायचं तर तिपाईच हवी.